जुनेर, फलालीन आणि पांघरुणाची ऊब

गोधडी मागे पडली याचं खापर आपण ब्लँकेटवर फोडतो. गोधड्या शिवणाऱ्या बायकांशी बोलायला बसलं की त्या मात्र बोट दाखवतात लुगड्याकडे. ब्लँकेट नंतर आलं, त्याआधी सुती लुगडं गेलं, आणि लुगडं गेल्यावर शिवायचं कशाचं, असा त्यांचा साधा हिशेब आहे. मला तो पटतो. आज फ्लॅनेलच्या गोधड्यांना जी मागणी येऊ लागली आहे, तिचा अर्थही याच हिशेबातून लागतो.

नऊवारी म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले की एकेक पावणेसात फुटांचा भरतो, माणूस पाय पसरून झोपेल एवढा. लुगड्याच्या मापातच गोधडीचं माप होतं. पण ते लुगडं गोधडीपर्यंत यायला वर्षं जायची. नवं असताना सणावाराला, मग रोजच्या वापरात, मग शेतावर. बसून-उठून मधला भाग विरला की तो कापून टाकायचा, दोन्ही बाजू जोडून दंड घालायचा आणि तेच लुगडं पुन्हा नेसायचं. दंडही विरला की ते झालं जुनेर. जुनेरातून लेकराची लंगोटं निघायची, दुपटी निघायची, भाकरी गुंडाळायची फडकी निघायची. उरलेलं गोधडीत जायचं. नवं कापड फाडून गोधडी शिवणं ही कल्पनाच नव्हती. शिवली असती तर ती कोणी पांघरलीही नसती, कारण नवं कापड अंगाला टोचतं, खळीने ताठ असतं, आणि मुख्य म्हणजे त्यात ऊब नसते.

हे शेवटचं वाक्य बायका अनुभवाने सांगतात, आणि ते शब्दशः खरं आहे. कुठलंही पांघरूण स्वतः उष्णता तयार करत नाही. ऊब आपल्याच अंगाची असते, पांघरूण ती अडवून धरतं, आणि अडवण्याचं काम प्रत्यक्षात करते ती कापडात कोंडलेली स्तब्ध हवा. हवेतून उष्णता फार हळू वाहते; पाण्यातून ती वीसपटीहून अधिक वेगाने वाहते. म्हणून दमट पांघरूण गार लागतं आणि उन्हात घातलेलं पांघरूण पहिल्या मिनिटापासून बरं वाटतं. आता वीस वर्षं धोपाटण्याखाली गेलेल्या लुगड्याचं काय होतं ते पाहा. खळ पहिल्या काही धुण्यांतच जाते. मग सुताचा पीळ सैलावतो, तंतूंची टोकं सुटून वर येतात आणि कापडाच्या पृष्ठावर न दिसणारी बारीक लव उभी राहते. त्या लवेत हवा अडकते. असे आठ-दहा थर एकावर एक घातले की प्रत्येक दोन थरांमध्ये हवेचा आणखी एक पातळ थर येतो. आजीच्या गोधडीची ऊब ती हीच. आठवणींनी ती गोड झाली असेल, पण नुसती आठवणींची ती नाही.

फ्लॅनेल, म्हणजे जुन्या माणसांचं फलालीन, हेच काम कारखान्यात करतं. सुती फ्लॅनेल विणताना उभा ताणा घट्ट पिळाचा ठेवतात आणि आडवा बाणा मुद्दाम सैल पिळाचा, थोडा जाड. विणून झालेलं कापड बारीक तारांचे दात असलेल्या फिरत्या रुळांवरून जातं. ते दात बाण्याच्या सुतातले तंतू उपसून वर काढतात आणि कापडावर लव उभी राहते. एका बाजूने काढली तर एकेरी, दोन्ही बाजूंनी काढली तर दुहेरी. जुनेराला जे मऊपण वीस वर्षांनी यायचं ते फ्लॅनेलला पहिल्या दिवशीच येतं. त्याची किंमतही असते. तंतू उपसल्याने बाणा कमकुवत झालेला असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या साध्या सुती कापडापेक्षा फ्लॅनेल लवकर विरतं. गोधडी शिवताना हे विसरून चालत नाही. त्याकडे पुढे येते.

हे कापड मुळात सुती नव्हतंच. ते वेल्सचं लोकरी कापड. मध्य वेल्समधलं न्यूटाउन हे गाव एकोणिसाव्या शतकात फ्लॅनेलवर उभं होतं. घरांच्या वरच्या मजल्यावर हातमाग आणि खाली विणकरांची बिऱ्हाडं, अशी तिथली वस्ती. शेजारच्या लॅनिडलोजमध्ये १८३९ साली फ्लॅनेल विणकरांनी मताच्या हक्कासाठी उठाव केला, तो ब्रिटनच्या चार्टिस्ट चळवळीच्या इतिहासात नोंदला गेला आहे. न्यूटाउनचाच एक कापडवाला, प्राइस प्राइस-जोन्स, रेल्वे आणि टपालाच्या जोरावर फ्लॅनेल घरपोच पाठवू लागला. व्हिक्टोरिया राणी आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याच्या गिऱ्हाइकांत होत्या. १८७६ मध्ये त्याने एका घडीच्या लोकरी पांघरुणाचं पेटंट घेतलं. उशी त्यालाच जोडलेली, आणि आत शिरून झोपायचं. आजच्या स्लीपिंग बॅगचा तो पूर्वज. रशियन सैन्याने तुर्कांविरुद्धच्या युद्धासाठी त्याच्याकडे ६०,००० नगांची मागणी नोंदवली होती.

हिंदुस्थानात फलालीन दिसे ते गोऱ्या सैनिकाच्या पोटावर बांधलेलं. पोटाला गारवा लागला की कॉलरा होतो अशी त्या काळच्या लष्करी डॉक्टरांची समजूत होती, म्हणून शिपायांना फलालीनचा रुंद पट्टा दिला जाई, भर उन्हाळ्यातसुद्धा. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कॉलऱ्याचा जंतू दाखवून दिला, तरी तो पट्टा पुढे कित्येक वर्षं चालू राहिला. थंडी आणि आजारपण यांच्या धास्तीशी हे कापड जोडलं गेलं ते तेव्हापासून. आपल्याकडे पुढे ते ज्या एका जागी घट्ट रुजलं, ती जागाही धास्तीचीच आहे: बाळंतिणीची खोली.

बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी असतात. दुपटं जुनेराचं असावं हा नियम. जुनेर मिळेना तेव्हा शहरातल्या घरांनी फ्लॅनेल आणायला सुरुवात केली: पांढऱ्यावर निळी फुलं, फिक्या गुलाबीवर बदकं. आजही कापडाच्या दुकानात फ्लॅनेल मागितलं की दुकानदार आधी बाळाच्या छापांचेच तागे काढतो. मोठ्या माणसाच्या गोधडीसाठी हवंय म्हटलं की मग मागच्या फळीवरून चौकडी आणि साधे गडद रंग येतात.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. सुती फ्लॅनेल पटकन पेट घेतं. उभ्या लवेत हवा भरलेली असते, ज्वाळा पृष्ठावरून सरसर धावते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये स्वस्त सुती फ्लॅनेलचे झगे घातलेली मुलं शेकोटीपाशी भाजून मरत होती. कृत्रिम जांभळा रंग शोधणाऱ्या पर्किनच्या मुलाने, तोही रसायनशास्त्रज्ञच, त्यावर धुण्यात न निघणारी आगरोधक प्रक्रिया बसवली, आणि १९१३ मध्ये ब्रिटिश संसदेला अशा कापडाच्या खोट्या जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. आपल्याकडे बाळाला शेक देतात, ओव्याची धुरी देतात, शेगडी खाटेखाली सरकवतात. तिथे फ्लॅनेलचं दुपटं लोंबकळत ठेवू नये. आणि वर्षाच्या आतल्या मुलाच्या अंगावर रात्री जड गोधडी टाकू नये. तोंडावर आली तर त्याला ती बाजूला सारता येत नाही. बाळाला थरांचे कपडे घालावेत, गोधडी खाली अंथरायला पातळ आणि घट्ट बसलेली असावी.

पुन्हा लुगड्याकडे येते. नायलॉनची लुगडी खेड्यांत पोचली तेव्हा बायकांनी ती आनंदाने घेतली आणि त्यात काही चूक नव्हतं. धुवायला हलकी, वाळायला झटपट, रंग जात नाही, विरत नाही. विहिरीवर ओल्या सुती लुगड्याचं ओझं ज्यांनी पिळलं आहे त्यांना हा दिलासा केवढा होता हे सांगावं लागत नाही. मग पॉलिएस्टर आलं. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली. त्याआधीच, जानेवारी १९८२ पासून, मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता आणि सुती कापडाचं ते शहर पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. नऊवारीची सहावारी झाली, सहावारीचा गाऊन आणि पंजाबी ड्रेस झाला. घरात कपडे वाढले, जुनेर मात्र संपलं. विरतच नाही ते कापड जुनेर व्हायचं कसं?

पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी शिवून पाहिलेल्या बायका त्याबद्दल कुरकुरतात. थर एकमेकांवरून घसरतात. टाका घातला की दोरा कापडात रुतत नाही, वर तरंगतो. पांघरलं की घाम येतो आणि तो घाम तिथेच राहतो. याचं कारण तंतूत आहे. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. सुती पांघरूण अंगाची वाफ शोषून घेतं आणि सावकाश बाहेर सोडतं. पॉलिएस्टरखाली माणूस आधी उकडतो, मग त्याच ओलाव्याने गारठतो.

याचा चटका सगळ्यात जास्त कोणाला बसतो ते उसाच्या फडात दिसतं. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, लाकूडफाटा, कोंबड्या आणि वाकळा, म्हणजे जाड गोधड्या. पुढचे पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत, पाणथळ रानाच्या कडेला. डिसेंबरात पहाटे तीन-चारला उठून फडात शिरायचं, दवाने भिजलेल्या उसाला हात घालायचा. निफाडसारख्या ठिकाणी पारा दोन अंशांच्या आसपास गेल्याच्या बातम्या आपण द्राक्षबागांच्या काळजीने वाचतो. त्याच थंडीत कोपीत माणसं झोपलेली असतात. थंडीत वाटलेली चकचकीत ब्लँकेटं तिथे पोचतात, पण कोपीत चूल हातभर अंतरावर असते आणि एक ठिणगी उडाली की पॉलिएस्टर वितळून त्याला कडक काठाचं भोक पडतं. वितळलेला तो थेंब अंगावर पडला तर कातडीला चिकटतो. सुती वाकळही पेटते, तिलाही चुलीपासून जपावंच लागतं. पण जाड, घट्ट टाक्यांची वाकळ ठिणगीने धुमसते आणि विझवायला वेळ मिळतो. बिऱ्हाडातली बाई वाकळ सोडत नाही ती म्हणून. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते अंगावरच्या चिंध्यांच्या गोधडीमुळे. त्या माणसाने आयुष्यभर तेच पांघरूण निवडलं. गरिबाच्या घरात हमखास मिळेल असं दुसरं होतं तरी कोणतं?

तर आता शिवायचं कशाचं? मला वाटतं, फ्लॅनेलला आपण बाळाच्या खोलीतून बाहेर काढून गोधडीत रीतसर जागा द्यावी. जुनेराची जागा भरून काढू शकेल असं बाजारात मिळणारं ते एकच सुती कापड आहे. पण जुनेरासारखं ते वागत नाही, त्याच्या रीती वेगळ्या आहेत.

आधी खरेदी. फ्लॅनेलच्या नावाखाली पॉलिएस्टरचं लवदार कापडही विकलं जातं. कडेचा एक धागा ओढून काडी लावून पाहावी. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो, राख चिमटीत विरते. पॉलिएस्टर आखडतं, काळा थेंब होतो आणि तो गार झाल्यावर खड्यासारखा टणक लागतो. मग कापड उजेडासमोर धरावं. लवेखालची वीण विरळ दिसली तर ते दोन हिवाळ्यांत जाळी होईल. तिसरं म्हणजे तळहात दहा-बारा वेळा जोराने घासावा; लव सुटून हाताला चिकटली तर तागा परत करावा. पन्ना विचारून घ्यावा. साडेचार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब गोधडीसाठी ४४ इंच पन्ह्याचं कापड, चौकोन कापून जोडणार असाल तर, एका थराला तीन मीटरच्या आसपास लागतं. आटण्याची सोय त्यातच धरली आहे.

आटणं हा फ्लॅनेलचा मोठा दुर्गुण. सैल बाणा पाण्यात आक्रसतो. म्हणून कापण्याआधी कापड कोमट पाण्यात दोनदा धुवावं, उन्हात पूर्ण वाळवावं, मगच कात्री लावावी. गडद रंग वेगळा भिजत घालावा. जुनेराला हा उपद्व्याप लागत नसे, कारण त्याचं आटून झालेलं असे.

थर किती? जुनेराचे आठ-दहा लागत, फ्लॅनेलचे तीन पुरतात. माझ्या मते सगळे थर फ्लॅनेलचे नसावेत. अंगाकडची बाजू फ्लॅनेलची, मधे फ्लॅनेल किंवा घरातल्या जुन्या सुती चादरी, आणि वरची बाजू, जी जमिनीवर घासते, दांडीवर लोंबते, ती मांजरपाट किंवा घट्ट विणीच्या सुती कापडाची. फ्लॅनेल विरतं ते घासण्याने. वरून कणखर कापड आलं की त्याचं आयुष्य वाढतं. मशीनवर तुकडे जोडताना शिलाईची कड नेहमीपेक्षा जास्त, अर्धा इंच सोडावी, कारण कापलेला काठ उसवत जातो. टीप लांब ठेवावी, १४ नंबरची सुई घ्यावी. बॉबिनच्या खाचेत लव साचून टीप सुटू लागते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने ब्रशने झाडून घ्यावं. आणि थर जोडायच्या वेळी, जमत असेल तर, मशीन बाजूला ठेवावी.

कारण गोधडीचं खरं शिल्प धावदोऱ्यात आहे. थर जमिनीवर अंथरायचे, हाताने सुरकुत्या कडेला सारायच्या, काठाने मोठे कच्चे टाके घालून पकडून ठेवायचं. मग कडेपासून सुरुवात. चारी बाजूंनी फिरत, चौकोनात चौकोन घेत आत यायचं. दोन ओळींतलं अंतर बोटभर. हे बोटभर अंतर पिढ्यांनी ठरवलेलं आहे आणि फार शहाणपणाचं आहे: ओळी फार जवळ आल्या तर थर दाबले जाऊन हवा निघून जाते आणि गोधडी पुठ्ठा होते, फार लांब गेल्या तर धुताना थर सरकून गोळा होतात. फ्लॅनेल जाड असल्याने त्यात अंतर थोडं वाढवलं तरी चालतं, कारण लवेवर लव बसते आणि थर आपोआप एकमेकांना धरतात.

कडेकडून आत येण्याची हीच रीत उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीत, सिद्दी बायकांच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, दिसते. सिद्दी हे आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज, त्यांच्यातले बरेचजण गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून घाट चढून पळालेले. त्यांच्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तिकोनी तुकड्यांचं फूल लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजली जाते. आपल्याकडे काही घरांत गोधडीची शेवटची ओळ पुरी होण्याआधी भाकरीचा एक तुकडा आत ठेवतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. गीता खंडेलवाल यांनी गोधड्यांवर एक अख्खं पुस्तक केलं, महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या गोधड्या त्यात रंगीत छायाचित्रांसह नोंदल्या. अशी नोंद आपण मराठीत, आपल्या भाषेतल्या नावानिशी करायला हवी होती.

आता मजुरीचं. साडेसहा फूट लांब, साडेचार फूट रुंद गोधडी घ्या. पाऊण इंचावर एक ओळ धरली तर रुंदीत बहात्तर ओळी बसतात. त्यांची एकूण लांबी ४६८ फूट होते. अर्ध्या इंचाला एक टाका धरला तर अकरा हजारांहून जास्त टाके. जमिनीवर बसून, पाठ वाकवून, एका हाताने थर दाबत, दुसऱ्याने सुई रेटत. पुण्या-कोल्हापुरात दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका हे काम ज्या पैशात करतात, त्याच्या कितीतरी पट किंमत तीच गोधडी शहरातल्या हस्तकलेच्या दुकानात मांडली की होते. मधला फरक त्यांच्यापर्यंत पोचत नाही याचा मला मनापासून संताप येतो. आणि दारात घासाघीस करणारे आपणच असतो. मोबदला टाक्यांच्या हिशेबाने ठरावा, नगाच्या नाही, असं मी ज्या ज्या घरी गोधडी शिवायला टाकली जाते तिथे सांगत असते. दाट टाक्यांची गोधडी दुप्पट वेळ घेते आणि दुप्पट टिकते.

धुण्याचाही विचार शिवतानाच करावा. नवरात्राच्या आधी गावोगाव नदीवर, कालव्यावर गोधड्या धुतल्या जात. दोघीतिघींनी मिळून एकेक ओली गोधडी पिळायची आणि खडकावर पसरायची. नद्यांना ते पाणी आता नाही आणि फ्लॅटच्या गच्चीवर तेवढी ओली गोधडी नेणंही एकटीला जमत नाही. तीन थरांची फ्लॅनेलची गोधडी दीड किलोच्या आसपास भरते, घरच्या वॉशिंग मशीनमध्ये मावते. साबण कमी, पाणी थंड, पिळण्याचा वेग मंद. वाळवताना मात्र पूर्ण ऊन हवं; आतला थर ओला राहिला तर कुबट वास येतो आणि ऊब अर्ध्यावर येते.

ज्यांच्या घरी जुनी गोधडी अजून आहे त्यांनी नवी शिवण्याआधी ती उघडून पाहावी. वरचा थर फाटला असला तरी आतली लुगडी बहुधा धड असतात. आजीचं, पणजीचं इरकली काठाचं जुनेर आत तसंच सापडतं. अशा गोधडीला वरून आणि खालून फ्लॅनेलचा एकेक नवा थर चढवता येतो. कापड आधी दोनदा नव्हे, तीनदा धुवावं, कारण आतलं जुनेर आता आटणार नाही. वरचं आटलं तर सगळी गोधडी चुरगळेल. काठ आत दुमडून गोट लावावा. टाके शक्य तिथे जुन्याच ओळींवरून घालावेत, म्हणजे विरलेल्या कापडाला नवी भोकं पडत नाहीत. जिथे जुनेर अगदीच जाळी झालं असेल तिथे आधी सुती कापडाचं ठिगळ घालून घ्यावं, मग फ्लॅनेल. शिवणाऱ्या बाईला हे काम दिलंत तर मजुरी नव्या गोधडीपेक्षा जास्त द्यावी. जुन्या ओळी शोधत सुई घालायला वेळ जास्त लागतो.